उणे त्रेपन्न अंशातला गिअर

थंडी पडली की आमच्या निफाडचं नाव पेपरात येतं. पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांच्या घरून रोज सकाळी एकच तक्रार ऐकू येते : गिअर पडत नाही! गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्या छोट्या गावांमधल्या कितीतरी जणी गाडी चालवायला लागल्यात. कुणी मुलांना क्लासला सोडते, कुणी सासूबाईंना डॉक्टरकडे नेते. आमच्या बचत गटातल्या दोघी तर पापड-मसाल्याचा माल घेऊन पिकअप थेट आठवडे बाजाराला नेतात. आणि नेमका पहाटेच्या गारठ्यात पहिला गिअर अडला, की बघणारा कुणीतरी हमखास हसतो. बायकांच्या मनगटात जोर कमी, गिअर टाकायला पुरुषाचाच हात पाहिजे, असं त्याचं ठाम मत असतं. ऐकणारीला ते खरंच वाटतं. ती मुकाट्यानं खाली उतरते, किल्ली नवऱ्याच्या हातात देते आणि मग डिसेंबर-जानेवारीत गाडी त्याच्याकडेच राहते. काही जणींकडे तर ती किल्ली परत आलेलीच मी पाहिलेली नाही.

हे पाहिलं की मला क्लेरेनोर स्टिनेस आठवते. मैत्रिणींनो, हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण १९२९ मध्ये ते युरोप-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत गाजत होतं. स्वतः स्टिअरिंग धरून मोटारीनं पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आणि या प्रदक्षिणेतला मोठा टप्पा तिनं पार केला तो सायबेरियाच्या हिवाळ्यात. पारा शून्याच्या खाली त्रेपन्न अंशांपर्यंत उतरला होता. आपलं निफाड बिचारं त्यापुढं काय!

क्लेरेनोरचा जन्म २१ जानेवारी १९०१ चा, जर्मनीतल्या रूर नदीकाठच्या म्युलहाइम गावचा. वडील ह्यूगो स्टिनेस म्हणजे त्या काळचे जर्मनीतले सर्वांत मोठे उद्योगपती. कोळशाच्या खाणी, पोलाद, जहाजं, वर्तमानपत्रं, सगळीकडे त्यांचा पैसा होता. सात भावंडांत ही तिसरी. घरात पैशाला तोटा नव्हता, पण मुलीनं कसं वागावं याचे नियम मात्र आपल्याकडच्या वाड्यांतल्यासारखेच होते. तिला यंत्रांची आवड. वडिलांना ती कळली होती असं दिसतं, कारण त्यांनी तिला कामात जवळ ठेवलं आणि कोवळ्या वयातच धंद्याच्या निमित्तानं दक्षिण अमेरिकेपर्यंत पाठवलं.

एप्रिल १९२४ मध्ये वडील अचानक गेले. मुलगी तेवीस वर्षांची, धंद्यातलं कळणारी, काम करायला उत्सुक. पण कारभार गेला आई आणि भावांच्या हाती, आणि या मुलीला त्यात जागा नव्हती. पुढच्याच वर्षी कर्जाच्या ओझ्याखाली तो सगळा डोलारा कोसळला. तिला कारभारात घेतलं असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या धंद्याचं गणित आपल्याला काय कळणार? पण मुलीला बाजूला करताना तिला काय येतं हे कुणी विचारलंही नाही, ही गोष्ट मला फार ओळखीची वाटते. गावोगावच्या बायकांच्या वाटणीच्या भानगडी ऐकताना हेच तर ऐकत असते मी.

क्लेरेनोर मग घर सोडून शर्यतींकडे वळली. आधी तिनं आडनावसुद्धा लपवलं आणि दुसऱ्याच नावानं स्पर्धेत उतरली. १९२५ मध्ये ती रशियातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरली आणि खडबडीत, रस्ता नसलेल्या मुलखात गाडी कशी काढायची याचा पहिला धडा तिथंच मिळाला. १९२७ पर्यंत तिच्या नावावर सतरा विजय होते. पँट, शर्ट, टाय असा तिचा वेश. त्या काळात तेवढ्यावरही लोकांची बोलणी खावी लागत असणार.

इथं थोडं थांबून त्या काळच्या गिअरविषयी सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून आलेली चाकं एका वेगानं फिरत असतात आणि रस्त्यावरच्या चाकांना जोडलेली दुसऱ्या. गिअर बदलायचा म्हणजे या दोघांची गाठ घालायची. दोघांचा वेग जुळला तर दाते अलगद एकमेकांत बसतात, नाही जुळला तर कर्रकन् आवाज होतो आणि दाते झिजतात. लहानपणी आपण दोरीच्या उड्या खेळायचो ना? दोघी दोरी फिरवतायत आणि तिसरीला मधे शिरायचं आहे. जोर लावून कुणी शिरतं का? लय बघायची, मनात मोजायचं आणि दोरी वर गेली की आत. ज्या मुलीला लय कळली ती शिरली, मग ती केवढीशी का असेना!

आताच्या गाड्यांत ही लय जुळवायचं काम आतली एक पितळेची कडी करते. तिला सिंक्रोनायझर म्हणतात. आपण दांडा सरकवला की ती आधी जाऊन घासते, दोन्हींचा वेग सारखा करते आणि मग दाते बसतात. ही सोय अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांमध्ये पहिल्यांदा आली ती १९२८ च्या सुमाराला. म्हणजे क्लेरेनोर निघाली तेव्हा असलं काही नव्हतं. तिला प्रत्येक वेळी डबल क्लच करावं लागायचं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग कानानं ओळखा, पुन्हा क्लच दाबा आणि मग पुढचा गिअर. खालचा गिअर टाकायचा असेल तर मधे न्यूट्रलमध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना ही युक्ती तोंडपाठ होती. एखाद्या वयस्क ड्रायव्हरकाकांना विचारून बघा, डोळे चमकतील त्यांचे.

गिअर आणि बाई यांचं नातं तसं क्लेरेनोरच्याही आधीचं आहे बरं का. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ ही मोटारीच्या जनकाची बायको नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली, साधारण शंभर किलोमीटर. वाटेतले चढ गाडीला झेपेनात, पोरांना उतरून ढकलावं लागलं. परत आल्यावर तिच्या सांगण्यावरून चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवला गेला. तेव्हा गिअर हे पुरुषांचं काम म्हणणाऱ्यांना एवढं सांगायला हरकत नाही.

तर आता क्लेरेनोरचा प्रवास. मोटारीनं जगाला फेरी मारायची हे ठरवल्यावर तिनं पैशासाठी घरच्यांकडे बघितलं, पण तिथून काही मिळालं नाही. मग तिनं कारखान्यांची दारं ठोठावली. आडलर, बॉश, आरल अशा जर्मन कंपन्यांकडून एक लाख राइशमार्क उभे केले. जर्मन गाडी जगभर फिरली तर त्यांचीही जाहिरात होणार होती, हे तिनं त्यांना बरोबर पटवलं. शेवटी धंद्यातल्या घरची लेक! आडलर ही फ्रँकफर्टची कंपनी सायकली आणि टाइपरायटरही बनवायची. तिची स्टँडर्ड ६ ही सहा सिलिंडरची, साधारण पन्नास अश्वशक्तीची गाडी निवडली गेली. शर्यतीची खास गाडी नव्हे, दुकानातून कुणीही विकत घ्यावी अशी. फरक केला तो एवढाच, की झोपता यावं म्हणून सीट मागं पडणाऱ्या बसवल्या.

२५ मे १९२७ ला फ्रँकफर्टहून दोन गाड्या निघाल्या. पुढं क्लेरेनोरची मोटार, मागं सामानाचा ट्रक. ट्रकवर दोन मेकॅनिक. बरोबर फिल्म काढायला कार्ल-अ‍ॅक्सेल सोडरस्ट्रोम नावाचा स्वीडनचा कॅमेरामन, ज्याची आणि तिची ओळख निघण्याच्या जेमतेम दोन दिवस आधीची. शिवाय लॉर्ड नावाचा कुत्रा. सामानात शंभरावर उकडलेली अंडी, पिस्तुलं आणि संध्याकाळच्या समारंभांसाठी तीन ठेवणीतले पोशाख. हे पोशाख वाचून मला हसू आलं, पण मग वाटलं, बरोबरच आहे. दिवसभर गाडीखाली लोळली तरी रात्री त्या त्या देशाच्या राजधानीत वकिलांपुढं आणि मंत्र्यांपुढं तिला उभं राहायचं होतं. पेट्रोलची आणि परवान्यांची सोय तिथूनच व्हायची. आपल्या पर्समध्ये नाही का एक बरी साडीपिन कायम असते!

बाल्कन देश, तुर्कस्तान, बैरूत, दमास्कस, बगदाद, तेहरान, तिथून कॉकेशसमार्गे मॉस्को. हा पहिला टप्पा उन्हाचा, धुळीचा आणि वाळूत रुतण्याचा. मॉस्कोत एक मेकॅनिक कंटाळून परत फिरला. पुढं होता सायबेरिया, तोही ऐन हिवाळ्यात.

हिवाळाच का निवडला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं आहे. सायबेरियात त्या वेळी आपल्या अर्थानं रस्तेच नव्हते. पावसात आणि बर्फ वितळताना सगळीकडे गुडघाभर चिखल. जमीन गोठली, की मगच चाक चालणार. नद्यांवर पूल नाहीत, पण नदी गोठली की तीच रस्ता. म्हणजे थंडीशिवाय पुढं जाता येत नव्हतं आणि त्याच थंडीत गाडी हलत नव्हती.

गाडी का हलत नाही? थंडीत खोबरेल तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो. काकवीची बरणी उलटी केली तरी काकवी लवकर खाली येत नाही. गिअरबॉक्समधलं तेल मुळातच जाड असतं. ते खोबरेलासारखं गोठत नाही, पण काकवीसारखं घट्ट होतं. त्यातून दातेरी चाकं फिरवायची म्हणजे घट्ट पिठल्यात रवी फिरवण्यासारखं. दांडा जड लागतो तो यामुळे. शिवाय डबल क्लच करणाऱ्या ड्रायव्हरचं मनातलं मोजमापच चुकतं. एरवी वरचा गिअर टाकताना चाकांचा वेग कमी व्हायची जेवढी वाट बघायची, तेवढी थंडीत बघून चालत नाही, कारण घट्ट तेल चाकांना लवकर थांबवतं. म्हणजे रोजची लय विसरून नवी लय पकडायची, तीही बोटं बधिर झालेली असताना आणि काचेवर आतून बर्फ साचत असताना.

त्या काळी थंड मुलखात गाडी चालवणाऱ्यांचे काही ठरलेले उपाय होते. रात्री रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून फुगतं आणि इंजिन फोडतं. गरम असतानाच इंजिनाचं तेल भांड्यात काढायचं, ते शेगडीजवळ ठेवायचं आणि सकाळी तापवून परत ओतायचं. गाडीच्या पोटाखाली निखारे ठेवायचे, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल सैल होतं. आमच्या बागायतदारांनी द्राक्षाच्या वेलींखाली शेकोट्या लावाव्यात, तसंच हे! इतकं करून इंजिन सुरू झालं, की हळूहळू निघायचं. सायबेरियातली सकाळ म्हणजे तासन् तास चालणारी तयारी. त्यात मुलगी म्हणून कुणाला सूट नव्हती. इथं ती तर सगळ्यांची मालकीण होती.

बैकल सरोवराशी येऊन प्रवास थांबला. हे जगातलं सर्वांत खोल सरोवर, दीड किलोमीटरहून जास्त खोल. वळसा घालायला रस्ता नाही, म्हणून ते पुरतं गोठायची वाट पाहणं आलं. १९०४ च्या रशिया-जपान युद्धात रशियनांनी याच बर्फावर रेल्वेचे रूळ टाकले होते, तेव्हा एक इंजिन बर्फ फोडून पाण्यात गेलं होतं. हा इतिहास डोळ्यांसमोर असताना १९२८ च्या सुरवातीला तिनं बर्फावर गाडी घातली. मला इथं तिचं धाडस तर दिसतंच, पण त्याहून जास्त तिचं वाट पाहणं दिसतं. स्वभावानं अत्यंत घाईची, हुकूम सोडणारी ही बाई! तिच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं म्हणतात. पण बर्फापुढं तिनं घाई केली नाही. गोठलेल्या सरोवरावर जोरात ब्रेक मारता येत नाही, झटक्यानं गिअर बदलता येत नाही. झटका दिला की चाकं घसरतात. पायाखालच्या बर्फाला तडे जाताना मोठा आवाज होतो. अशा वेळी ज्याचा हात हलका तोच पार होतो.

बैकल पार झालं. पुढं मंगोलिया आणि गोबीचं वाळवंट पार करून ती पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला पोचली. तिथून बोटीनं जपान, मग प्रशांत महासागर ओलांडून दक्षिण अमेरिका. तोवर जर्मनीहून निघालेल्यांपैकी ती आणि सोडरस्ट्रोम दोघंच उरले होते. पेरूच्या अँडीज पर्वतात तर रस्ताच नव्हता. काही ठिकाणी सुरुंग लावून खडक फोडले, गाडी दोरखंडांनी चढवली, स्थानिक माणसं आणि जनावरं जुंपली. बोलिव्हिया, अर्जेंटिना, चिली करत दक्षिण अमेरिका संपली. उत्तर अमेरिकेत मात्र चांगले रस्ते मिळाले, सत्कार झाले, वॉशिंग्टनला अध्यक्ष हूव्हर यांची भेट झाली. वाचताना मला हा भाग थोडा फिका वाटला, खरं सांगायचं तर. सरळ रस्त्यावर सगळेच चालवतात.

२४ जून १९२९ ला ती बर्लिनला परतली. दोन वर्षं आणि एक महिना. एकूण ४६,७५८ किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, ही श्रीमंताघरची लेक, हिचं आम्हाला काय? पहाटेच्या पिकअपसाठी काय करायचं ते सांगा. सांगते ना. इतकी वर्षं गाडी चालवून, दोन-तीन जाणत्या मेकॅनिकना विचारून आणि हे सगळं वाचून जे कळलं ते असं.

गाडी सुरू करताना क्लच पूर्ण दाबा. मग स्टार्टरला गिअरबॉक्समधलं घट्ट तेल घुसळावं लागत नाही, बॅटरीवरचा ताण कमी होतो. सुरू झाली की न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा आणि क्लचवरचा पाय हळूच काढा. हे बऱ्याच जणी करत नाहीत, पाय क्लचवरच ठेवून बसतात. पाय काढला की गिअरबॉक्समधली काही चाकं इंजिनाबरोबर फिरायला लागतात आणि तेल ढवळलं जातं. एक-दोन मिनिटं पुरे. पण हे मोकळ्या हवेत करा, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचं दार लावून अजिबात नको. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, तो कळत नाही.

मग क्लच पुन्हा तळापर्यंत दाबा, क्षणभर थांबा आणि पहिला टाका. अडला तर ढकलू नका. आधी दुसऱ्याकडे सरकवून बघा आणि मग पहिला, बहुतेक वेळा जातो. नाहीच गेला तर न्यूट्रल करून क्लच सोडा, परत दाबा, परत प्रयत्न करा. ही सायबेरियातल्या डबल क्लचची धाकटी बहीणच आहे. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत ती पितळी कडी नसते, म्हणून गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच रिव्हर्स टाका आणि थोडा जास्त वेळ द्या.

आणि हे लक्षात असू द्या, की गाडी जागेवर कितीही वेळ चालू ठेवली तरी गिअरचं तेल फारसं तापत नाही. इंजिन गरम झालं म्हणजे गिअरबॉक्स गरम झाला असं नव्हे. ते तेल गाडी चालल्यावरच सैल होतं. म्हणून पहिले तीन-चार किलोमीटर सावकाश जा, गिअर बदलताना न्यूट्रलमध्ये किंचित विसावा द्या, त्या कडीला घट्ट तेल बाजूला सारायला वेळ लागतो. दांडा मुठीत आवळून धरायचा नाही, तळहातानं सरकवायचा.

एवढं करूनही गाडी गरम झाल्यावर गिअर अडत असेल, तर मात्र दोष थंडीचा नाही. क्लच नीट सुटत नसेल, केबल आखडली असेल, तेल कमी झालं असेल किंवा कडी झिजली असेल. गॅरेजमध्ये जा आणि तिथं नेमकं सांगा, की गार असताना अडतो का गरम झाल्यावरही अडतो. एवढ्या एका वाक्यानं समोरचा मेकॅनिक तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हा माझा अनुभव. गिअर ऑइल बदलताना गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिलाय तोच मागा. डब्यावर ७५-डब्ल्यू, ८०-डब्ल्यू असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. पण म्हणून मनानं पातळ तेल घालायचं नाही, गाडीला चालेल तेच.

हे सगळं आमच्या गटातल्या दोघींना सांगितलं तेव्हा त्यातली धाकटी लगेच म्हणाली की हे तर चुलीसारखंच झालं, गार तव्यावर भाकरी टाकली की चिकटणारच. मला इतका वेळ खोबरेल आणि काकवी करत बसावं लागलं आणि तिनं एका दमात सांगून टाकलं!

क्लेरेनोरचं पुढं काय झालं ते राहिलंच. परत आल्यावर १९२९ मध्येच तिचं प्रवासाचं पुस्तक निघालं. सोडरस्ट्रोमनं काढलेल्या फिल्मचा चित्रपट १९३१ मध्ये लोकांना दाखवला गेला. दोन वर्षं एका गाडीत वाळू, बर्फ आणि डोंगर काढलेल्या त्या दोघांनी डिसेंबर १९३० मध्ये लग्न केलं. सोडरस्ट्रोम निघाला तेव्हा विवाहित होता. त्याची बायको स्वीडनमध्ये त्याच्या पत्रांची वाट बघत होती, शेवटी त्यांचा घटस्फोट झाला. क्लेरेनोरविषयी लिहिणारे या बाईला एका ओळीत उरकतात. मला ते रुचत नाही. जगाला फेरी मारून आलेल्यांचं कौतुक होतं, मागं घर सांभाळत बसलेलीचं नाव कुणी विचारत नाही. यात क्लेरेनोरचा दोष किती आणि त्याचा किती, हे मी ठरवणार नाही. पण तिचं आयुष्य सांगायचं तर हेही सांगायला हवं.

लग्नानंतर दोघं स्वीडनमध्ये राहिले आणि शेती केली. त्यांना तीन मुलं झाली, शिवाय परक्यांची काही मुलं त्यांनी घरात घेऊन वाढवली. शर्यती संपल्या होत्या. कुणाला वाटेल, एवढं करून शेवटी चूल-मूलच की! मला तसं वाटत नाही. तिला घरी कुणी बसवलं नव्हतं, शेत तिनं निवडलं होतं, आणि शेतीतही यंत्रं असतातच. सप्टेंबर १९९० मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ती स्वीडनमध्येच वारली. २००९ मध्ये तिच्या प्रवासावर जर्मनीत एक चित्रपट आला. त्यात नव्यानं चित्रित केलेल्या प्रसंगांबरोबर सोडरस्ट्रोमनं त्या वेळी काढलेली जुनी दृश्यंही घेतली आहेत.